तोंडपाठ मुलाखती

पहिली मुलाखत संपली तेव्हा मी मनातल्या मनात पेढे वाटले. समोर बसलेला मुलगा चर्चच्या युवक मंडळाचा अध्यक्ष. विमानतळावर कार्गोत कामाला, आणि दर वाक्याला एक ‘यार’ लावल्याशिवाय त्याला बोलता येत नसे. मी त्याला विचारलं, ‘तू समाजसेवा का करतोस?’ त्यानं पाठ ताठ केली, हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाला, ‘समाजसेवा ही माझ्या श्रद्धेची कृती आहे. देवाने मला जे दिले, ते मी माझ्या... शेजाऱ्याला देतो.’ ‘शेजाऱ्याला’च्या आधी तो जरा थांबला आणि त्यानं वर छताकडे बघितलं. मला वाटलं, किती खोल विचार करतो हा मुलगा.

दुसरी मुलाखत एका नर्सिंग करणाऱ्या मुलीची. तिनंही पाठ ताठ केली. तीच श्रद्धा, तीच कृती, तोच थांबा, तेच छत. तिसऱ्याच्या वेळी मीही वर बघितलं, म्हटलं काही लिहिलेलं आहे की काय. वर पंखा होता. चौथा मुलगा बिचारा ‘शेजाऱ्याला’पाशी अडकला, दोनदा आवंढा गिळला आणि म्हणाला, ‘सॉरी मॅम, वरून घेतो.’

मी पेन खाली ठेवलं. ‘कुणी पाठ करून घेतलं रे?’

‘टीचरनी,’ तो म्हणाला. ‘पण मी बोललो असं बोलू नका ना. माझी वाट लागेल.’

मी घाटकोपरची. आमचं बौद्ध कुटुंब, मूळ बुलढाण्याकडचं. बाबा महापालिकेत होते. आमच्यातली मुलगी पीएचडी करणार म्हणजे ती आमच्यावरच करणार, असं विद्यापीठात प्रत्येकानं न विचारताच गृहीत धरलं होतं. मला त्याचा राग आला. माझा स्वभावच तसा आहे, कुणी गृहीत धरलं की मी उलट्या दिशेनं चालू लागते. त्या रागात मी विषय घेतला, ‘मुंबईच्या उपनगरांतील ख्रिस्ती युवक आणि समाजसेवी संस्था’. आणि घाटकोपरहून मेट्रोत बसून अंधेरी पूर्वेच्या एका गावठाणात जायला लागले. गावठाणाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर टीचर हे वाचतील, लाल पेन घेऊन.

आईला विषय कळला नाही, पण रविवार कळला. ‘दर रविवारी चर्चला जातेस,’ ती म्हणाली, ‘मुलगा कोण आहे ते एकदा सांगून टाक. म्हणजे तुझ्या मावशीला काय सांगायचं ते मी ठरवते.’ मी तिला सहभागी निरीक्षण म्हणजे काय ते समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘बरं, पण नोकरी करतो ना?’

सहभागी निरीक्षण हा माझ्या गाइड सरांचा शब्द. लोकांत मिसळायचं, पण अंतर ठेवायचं. सरांना ते जमत असावं, ते आपल्या केबिनमधून फारसे बाहेर पडत नसत. मी पहिल्या रविवारी मिस्सा, म्हणजे सकाळची उपासना, संपल्यावर चर्चच्या आवारात वही घेऊन एका कोपऱ्यात उभी राहिले, अंतर ठेवून. एक उंच, सडपातळ, पांढऱ्या केसांच्या बाई फ्रॉकच्या खिशात चष्मा कोंबत माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, ‘उभी काय गो? त्या खुर्च्या उचल.’ मी खुर्च्या उचलल्या. तिथून पुढे माझा सहभाग पूर्ण झाला आणि निरीक्षण तेवढं राहून गेलं.

त्या टीचर. शाळेतून कधीच्या निवृत्त झालेल्या, पण रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग त्यांनी सोडला नव्हता. गावठाणातल्या प्रत्येक माणसानं लहानपणी त्यांच्यासमोर उभं राहून प्रश्नोत्तरं पाठ म्हटली होती. देव कोण आहे? त्याने आपल्याला का निर्माण केले? प्रश्न ठरलेला, उत्तर ठरलेलं, आणि एक शब्द इकडचा तिकडे झाला तर पुन्हा वरून. त्यांच्या वर्गातून पार पडलेली माणसं आता आजोबा झाली होती, तरी रस्त्यात टीचर दिसल्या की हातातली सिगारेट पाठीमागे जायची.

मंडळाची कामं बरीच होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेणं, रक्तदान, नाताळला येशूजन्माचा गोठा मांडणं. पण खरं काम म्हणजे संध्याकाळचा अभ्यासवर्ग. चर्चच्या जुन्या हॉलमध्ये रोज मागच्या वस्तीतली मुलं येत, सगळ्या जातिधर्मांची. घरी एक खोली, त्यात टीव्ही, त्यात शिवणाचं मशीन, त्यात धाकटं भावंड रडणारं. अभ्यास करायचा तर कुठे बसून? मंडळातली मुलं-मुली कामावरून आली की बॅग टाकून त्यांना शिकवायला बसत. टीचर दाराशी खुर्ची टाकून बसत आणि कुणी न शिकता गप्पा मारतंय का ते बघत. यात शिकवणारेही आले.

आता तो हॉल पाडायचा होता. त्या जागी नवी इमारत येणार होती. खाली पार्किंग, वर लग्नाचा हॉल. नकाशात अभ्यासवर्गाला खोलीच नव्हती. निर्णय चर्चच्या समितीकडे होता, आणि समितीचं म्हणणं असं की मुलं काय, कुठेही बसतील. मंडळाला एक खोली हवी होती. फक्त एक. ती मिळाली नाही तर वर्ग बंद, हे सगळ्यांना माहीत होतं.

यात माझं नाव कसं आलं? फादरांमुळे. भला माणूस. मिस्सा संपताना सूचना वाचतात, त्यात त्यांनी माझं कौतुक म्हणून सांगितलं की विद्यापीठाच्या एक मॅडम आपल्या युवकांच्या सेवाकार्याचा अभ्यास करत आहेत, त्यांचं काय म्हणणं आहे ते आपण समितीपुढे ठेवू. मी लाजून मान खाली घातली. टीचरनी मात्र ही परीक्षेची सूचना समजली. त्यात भर माझी. मुलाखत घेण्याआधी समोरच्याला प्रश्नांची कल्पना द्यावी, असा विद्यापीठाचा नियम आहे. मी प्रश्नांच्या प्रती काढून मंडळाला वाटल्या. म्हणजे पेपर मीच फोडला होता, आणि तोही नियमाला धरून.

मी तणतणत टीचरच्या घरी गेले. त्या ओट्यावर बसून बोंबील साफ करत होत्या.

‘एकाची तरी चूक झाली का?’ त्यांनी आधी विचारलं.

‘टीचर, चूक झाली असती तर बरं झालं असतं. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं.’

‘मग? बरोबर उत्तर एकच असतं.’

‘पण मला त्यांचं स्वतःचं उत्तर हवंय. हे तुमचं आहे.’

त्यांनी बोंबलाचं डोकं उडवलं आणि माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. ‘प्रार्थना पण सगळे एकच म्हणतात गो. मग काय ती खोटी?’

मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी, मला पद्धतिशास्त्राचे दोन पेपर होते, पण या प्रश्नाला त्यात कुठेच उत्तर नव्हतं. मी त्यांना समजावलं की माझ्या संशोधनानं खोली मिळत नाही, मी कोणी न्यायाधीश नाही, माझा प्रबंध माझे परीक्षक आणि वाळवी सोडून कोणी वाचणार नाही. त्यांनी मान हलवली. ‘समितीत सगळी पोरं माझ्याच हाताखालची,’ त्या म्हणाल्या. ‘त्यांना मी सांगितलेलं पटत नाही. सवय झाली माझी. बाहेरच्या माणसानं सांगितलं की पटतं.’ मग जरा थांबून म्हणाल्या, ‘ठीक आहे. वेगवेगळी उत्तरं पाहिजेत ना तुला? पुढच्या रविवारी ये.’

इथेच मला संशय यायला हवा होता. पुढच्या रविवारी मी गेले, आणि खरंच, प्रत्येकाचं उत्तर वेगळं होतं! नर्सिंगवालीला एका आजारी मुलीच्या डोळ्यांनी हाक दिली होती. चौथ्या मुलाला, त्या वरून घेणाऱ्याला, आजी वारल्यावर आयुष्याचा अर्थ कळला होता. ‘तिच्या शेवटच्या शब्दांनी मला सेवेची वाट दाखवली,’ असं म्हणून त्यानं नाकही पुसलं. मला भरून आलं. बाहेर पडले तर पायऱ्यांवर एक आजीबाई बशीत फुगे घेऊन उभ्या. फुगे म्हणजे यांच्याकडच्या त्या गोल, तळलेल्या, पोकळ पुऱ्या. ‘घे गो बाय, गरम आहेत,’ त्या म्हणाल्या. ‘माझा नातू नीट बोलला का?’ भीक नको पण कुत्रा आवर, अशी माझी गत झाली.

सरांना सांगितलं तर ते चिडले. ‘हा सगळा डेटा फेकून द्या,’ ते म्हणाले. ‘आणि त्या समितीच्या मीटिंगला अजिबात जाऊ नका. तुम्ही संशोधक आहात, कार्यकर्त्या नाही. अंतर ठेवा.’

मी मुलाखती बंद केल्या. रेकॉर्डर घरी ठेवला आणि नुसती संध्याकाळी वर्गाला जाऊन बसू लागले. आणि गंमत बघा, विचारायचं सोडल्यावर उत्तरं आपणहून यायला लागली. बाकं लावता लावता नर्सिंगवाली म्हणाली, ‘घरी मम्मी रोझरीची माळ घेऊन बसवते. गुडघे दुखतात यार. इथे आले की सुटते.’ अध्यक्ष म्हणाला, ‘खरं सांगू मॅम? ती आठवीला सायन्स शिकवते ना, ती येते म्हणून मी येतो. पण तिला नका सांगू.’ सायन्सवालीला ते कधीचंच माहीत होतं. आणि तो, जिवंत आजीचा नातू, एकदा फळा पुसत म्हणाला, ‘मी दहावीला नापास झालो होतो. कोणाला होताना बघवत नाही.’ हे त्यानं छताकडे न बघता सांगितलं. मला तेव्हा त्याला मिठी मारावीशी वाटली, पण अंतर ठेवायचं होतं. शिवाय त्याच्या हाताला खडू होता.

मीटिंग एका रविवारी मिस्सेनंतर जुन्या हॉलमध्येच होती. मी जायचं नाही असं ठरवलं होतं. ठरवून, चांगला ड्रेस घालून, मेट्रोत बसले.

समितीचे सेक्रेटरी एक निवृत्त बँकवाले अंकल. माणूस वाईट नव्हता, पण नकाशा त्यांच्या हातात होता आणि नकाशा हातात असलेल्या माणसाला माणसं दिसत नाहीत. ‘सिम्पल बात है,’ ते म्हणाले. ‘खोली द्यायला कोण नाही म्हणतंय? पण जागा किधर है?’ मग त्यांनी पार्किंग दाखवलं, जिना दाखवला, केटररची सोय दाखवली. मंडळाची मुलं मागे भिंतीला टेकून उभी होती. अध्यक्षानं बोलायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला ‘यार’ म्हणाला, तिथे त्याचा धीर गेला.

फादर म्हणाले, ‘आपण मॅडमना विचारू या. त्यांचा अभ्यास काय सांगतो?’

सगळे माझ्याकडे वळले. मी उभी राहिले. माझ्याकडे दोन रविवारांच्या खोट्या मुलाखती होत्या आणि सांगू नका म्हणून सांगितलेली खरी गुपितं होती. बोलायला काहीच नव्हतं. पहिल्या रांगेत टीचर बसल्या होत्या. त्यांनी माझी अवस्था ओळखली आणि अख्ख्या आयुष्यात जे केलं तेच केलं. काठी टेकून उठल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, ‘प्रश्न पहिला. तू समाजसेवा का करतेस?’

शपथेवर सांगते, सेक्रेटरी अंकलनी पाठ ताठ केली. मीही केली. आणि माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं, ‘समाजसेवा ही माझ्या श्रद्धेची कृती आहे. देवाने मला जे दिले, ते मी माझ्या...’ आणि मी थांबले, आणि देवाशपथ, छताकडे बघितलं. मागून मंडळाच्या सगळ्या मुलांनी एका सुरात वाक्य पुरं केलं, ‘शेजाऱ्याला देते!’ हॉलमध्ये एकच हशा उसळला. फादरांनी चष्मा काढून डोळे पुसले. मी, जिचा देवाशी फारसा व्यवहार नाही, जी मुलांना पाठांतरावरून आठवडाभर चिडवत होती, ती भर चर्चच्या हॉलमध्ये पाठ म्हणून मोकळी झाली होती.

टीचर हसल्या नाहीत. ‘हे माझं उत्तर,’ त्या म्हणाल्या. ‘आता तुझं सांग.’

हशा ओसरला. मग मी सांगितलं. काय सांगायचं हे ठरवलं नव्हतं, जे आलं ते बोलले. घाटकोपरला आमच्या वस्तीत विहाराच्या मागे एक खोली होती. बाबांची रात्रपाळी असायची, दिवसभर ते घरात झोपलेले. घर एका खोलीचं, म्हणून दिवा लावायचा नाही, पान उलटल्याचा आवाजही करायचा नाही. विहाराच्या त्या खोलीची किल्ली एका काकांकडे असायची. ते बसमध्ये कंडक्टर होते. ड्युटी संपली की घरी न जाता, जेवायच्या आधी, खाकी कपड्यांतच येऊन कुलूप उघडायचे. त्यांनी आम्हाला कधी काही शिकवलं नाही. दाराशी बसायचे. दंगा झाला की खाकरायचे. डुलक्या घ्यायचे, पण शेवटचं पोर उठेपर्यंत उठायचे नाहीत. ‘मी त्यांना कधी विचारलं नाही, काका, तुम्ही समाजसेवा का करता,’ मी म्हणाले. ‘विचारलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं. ते आता नाहीत. ती खोली नसती तर मी शिकले नसते, आणि आज तुमच्यापुढे उभी नसते. माझा अभ्यास एवढंच सांगतो. बाकीचा अजून लिहून व्हायचा आहे.’

मला काकांची फार आठवण आली, आणि त्यांना कधी चहासुद्धा विचारला नव्हता याचं वाईट वाटलं.

फादर नकाशावर वाकले. ‘हे किचनच्या बाजूला काय आहे?’

‘केटररचं स्टोअर,’ अंकल म्हणाले. ‘त्याचे टोप ठेवायला.’

‘टोपांना खिडकी आहे?’ टीचरनी विचारलं.

अंकलनी बघितलं. खिडकी होती.

‘टोप परीक्षेला बसणार आहेत का?’

हात वर करून मतं घेतली. अंकलचा हात सगळ्यात शेवटी वर गेला, आणि तोही टीचर त्यांच्याकडे बघत होत्या म्हणून. पण गेला. मागे मुलांनी असा काही गलका केला की बाहेर झाडावरची कबुतरं उडाली. अध्यक्षानं आनंदाच्या भरात सायन्सवालीचा हात धरला आणि सगळ्यांसमोर सोडायला विसरला.

मी टीचरना हात देऊन पायऱ्या उतरवत होते. मला कौतुकाची अपेक्षा होती, खोटं कशाला बोलू. शेवटच्या पायरीवर त्या थांबल्या.

‘उत्तर चुकलं तुझं,’ त्या म्हणाल्या.

‘आता काय चुकलं?’

‘प्रश्न होता, तू समाजसेवा का करतेस. तू सांगितलंस, तुझ्यासाठी कोणी केली ते.’ त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, परत खिशात कोंबला. ‘अर्धे मार्क देते.’

‘आणि उरलेले अर्धे?’

‘सोमवारी ये. सातवीच्या गणिताला कोणी नाही.’

आता खोली झाली आहे. खिडकी लहान आहे, आणि लग्नाच्या दिवसांत बिर्याणीच्या वासानं अपूर्णांक कुणाच्याच डोक्यात शिरत नाहीत. माझा प्रबंधही झाला, त्यात एक अख्खं प्रकरण पाठांतरावर आहे, आणि सरांना नेमकं तेवढंच आवडलं. टीचरना आता जिना चढवत नाही, म्हणून सोमवारची किल्ली माझ्याकडे असते. कामावरून सुटले की घरी न जाता, जेवायच्या आधी, जाऊन कुलूप उघडते. उरलेले अर्धे मार्क टीचरनी अजून दिलेले नाहीत. मीही मागितलेले नाहीत.